मध्यरात्रीचा फोन आणि सकाळची साखर: टाईप १ मधुमेहातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

श्रीमती क यांना वयाच्या पंचविसाव्या वर्षी टाईप १ मधुमेहाचे निदान झाले. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षे आणि वजन ५८ किलो होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पुढे येणारी इन्सुलिनची प्रमाणे फक्त त्यांच्यापुरती आहेत आणि ती तशीच्या तशी दुसऱ्या कोणाला लागू होत नाहीत.

वीजवितरणाच्या देखभाल विभागात अभियंता असलेल्या श्रीमती क यांच्याकडे एका आठवड्याआड रात्रीची तातडीची जबाबदारी असे. त्या आठवड्यात त्या घरीच झोपत, परंतु बिघाड झाल्यास नियंत्रण कक्षातून फोन येई आणि पहिल्या काही मिनिटांतच निर्णय द्यावे लागत. कधी फोनवरून सूचना देऊन काम भागे, तर कधी स्वतः गाडी चालवत उपकेंद्रावर जावे लागे. अशा आठवड्यात साधारण तीन-चार रात्री फोन येत असे. उरलेला आठवडा मात्र अगदी नियमित झोपेचा असे.

उपचारात रात्री दहा वाजता ग्लार्जिन हे दीर्घ परिणाम करणारे इन्सुलिन १८ युनिट आणि जेवणाआधी जलद परिणाम करणारे इन्सुलिन, दिवसभरात मिळून साधारण २० ते २२ युनिट, अशी योजना बरीच वर्षे चालू होती. जलद इन्सुलिनच्या एका युनिटने त्यांची साखर सुमारे ४५ ने उतरते, असा हिशेब त्यांनी अनुभवाने बसवला होता आणि तो बऱ्यापैकी बरोबर होता. (या लेखातील साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी ७.४ टक्के होती. डोळे आणि मूत्रपिंडे निरोगी होती.

समस्या

रात्रीची जबाबदारी स्वीकारल्यानंतर काही महिन्यांतच उपाशीपोटीची साखर बिघडू लागली. त्यांच्या वहीत १२० आणि २२० हे आकडे जवळजवळ आलटूनपालटून दिसत होते. आधीच्या उपचारांत या आकड्यांची सरासरी, म्हणजे साधारण १७०, विचारात घेऊन ग्लार्जिन टप्प्याटप्प्याने १८ वरून २४ युनिटपर्यंत वाढवले गेले. उपाशीपोटीची साखर ८० ते १३० या दरम्यान हवी असेल आणि ती सतत १७० येत असेल, तर असे करणे नियमाला धरूनच आहे. अडचण एवढीच होती, की १७० ही साखर श्रीमती क यांच्या कोणत्याच सकाळी नव्हती.

डोस वाढल्यावर दोन गोष्टी घडल्या. पहिली घटना फोन न आलेल्या रात्रीची आहे. पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या पतींना जाग आली तेव्हा श्रीमती क घामाने चिंब झालेल्या होत्या आणि विचारलेल्या प्रश्नांना असंबद्ध उत्तरे देत होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ४८ आली. १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासल्यावर ती ६६ झाली, पुन्हा तेवढेच ग्लुकोज दिल्यावर सावरली. परंतु घाबरून गेल्यामुळे त्यानंतर त्यांनी बरेच काही खाल्ले आणि सकाळी साखर २३० आली. वहीत फक्त २३० हा आकडा नोंदवला गेला, पहाटेचे ४८ नोंदवलेच गेले नाहीत.

दुसरी घटना फोन आलेल्या रात्रीची. साडेतीनला साखर २४० पाहून त्यांनी जलद इन्सुलिनचे ४ युनिट घेतले. हिशेबाने तीनहून कमी पुरले असते, परंतु "आता जागेच राहायचे आहे, मग थोडे जास्त घेतले तर काय बिघडते," असा विचार त्यामागे होता. उपकेंद्रावर दोन तास चालणे आणि शिडी चढणे-उतरणे झाले. सकाळी सातच्या सुमारास परतताना गाडी चालवत असताना हात थरथरू लागले. सुदैवाने गाडी कडेला घेण्याइतके भान होते. साखर ५८ होती.

या दोन घटनांनंतर त्यांनी स्वतःच एक तोडगा काढला आणि तो आमच्या दृष्टीने सर्वांत चिंताजनक होता: रात्री झोपताना साखर मुद्दाम २०० च्या वर ठेवायची. त्यासाठी त्या झोपण्यापूर्वी इन्सुलिन न घेता खात असत. इन्सुलिनचा डोस वाढलेला आणि त्याला पुरे पडावे म्हणून खाणेही वाढलेले, अशा स्थितीत त्या आमच्याकडे आल्या.

नोंदींचे वाचन

पहिल्या भेटीत डोसाला हात न लावता वहीच्या नोंदींवरच बराच वेळ दिला. त्यातून निघालेल्या दोन गोष्टींनी प्रकरणाची दिशा बदलली.

पहिली गोष्ट अशी, की निवांत आठवड्यात त्या सकाळची तपासणी बऱ्याचदा टाळत आणि फोनच्या आठवड्यात मात्र गाडी चालवायची भीती असल्याने न चुकता करत. त्यामुळे वाईट सकाळी वहीत प्रमाणापेक्षा जास्त आल्या होत्या. दुसरी गोष्ट वेळेची होती. निवांत दिवशी त्या पलंगावरच बोटाला सुई टोचून साखर पाहत, तर कामाच्या घाईच्या दिवशी आंघोळ वगैरे आटोपून, म्हणजे उठल्यानंतर पाऊण ते एक तासाने. मधुमेह असलेल्या अनेकांच्या बाबतीत काहीही न खाता, केवळ उठून दिवस सुरू केल्यानेच साखर २० ते ४० ने चढते. त्यांच्या वहीत या दोन्ही वेळांना 'उपाशीपोटी' असे एकच नाव होते.

त्यांना साखर सतत मोजत राहणारा, १४ दिवस दंडावर लावायचा सेन्सर दिला. त्यात एक आठवडा निवांत आणि एक फोनचा येईल असे पाहिले. शेजारी एक साधा तक्ता: जाग कशी आली (आपोआप, घड्याळाच्या गजराने की फोनने), जाग येताच साखर किती, पाऊण तासाने किती आणि या वेळात तोंडात काय गेले. अखेरचा रकाना आम्ही जरा संकोचानेच ठेवला होता, कारण उपाशीपोटीच्या तक्त्यात हा प्रश्न विचारणे रुग्णाला अविश्वासाचे वाटू शकते. सर्वांत उपयोगी तोच ठरला.

सेन्सरने दाखवलेली एक रात्र

फोनच्या आठवड्यातील एका रात्रीचा आलेख येथे सविस्तर देतो. या आठवड्यात झोपण्यापूर्वीचे जादा खाणे बंद केले होते आणि सुरक्षिततेसाठी ग्लार्जिन २० युनिटवर आणले होते.

रात्री अकराला साखर १२८ होती. पुढचे जवळपास चार तास रेघ सपाट राहिली आणि तीनला काही मिनिटे असताना ती ११८ वर होती. त्याच वेळी फोन वाजला. पहिली दहा-पंधरा मिनिटे आलेखात काहीच हालले नाही. सेन्सर रक्तातील नव्हे तर पेशींच्या मधल्या जागेतील द्रवातील साखर मोजतो आणि तो काही मिनिटे मागे असतो, हे त्याचे एक कारण. मग रेघ उभी चढू लागली: साडेतीनला १६८, चारला २०४, पावणेपाचला २२१. त्या रात्री त्या गाडीने बाहेर गेल्या नव्हत्या, घरूनच फोनवर सूचना दिल्या होत्या आणि तोंडात पाण्याखेरीज काही गेले नव्हते. पाचनंतर साखर हळूहळू उतरू लागली, पण साडेसहाला ती १९६ वरच रेंगाळली.

म्हणजे न खाता शंभराने वाढ. ही साखर आली कोठून, हा प्रश्न श्रीमती क यांनी अविश्वासाने विचारला, आणि आकड्यांतच त्याचे उत्तर देणे बरे पडले. त्यांच्या वजनाच्या माणसाच्या शरीरात ग्लुकोज ज्या द्रवात पसरते तो साधारण १० ते १२ लिटर धरला, तर १०० ची वाढ म्हणजे अवघे १० ते १२ ग्रॅम जादा ग्लुकोज. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे शंभर ग्रॅमचा साठा असू शकतो आणि शांत झोपेतही यकृत तासाला सहा-सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतच असते. दचकल्यावर सुटणारे अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक हा दर काही मिनिटांतच वाढवते, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकालाही चालना देते आणि त्याच वेळी स्नायूंकडून होणारी साखरेची उचल कमी करते. निरोगी माणसात साखर चढू लागताच स्वादुपिंड इन्सुलिन सोडून तिला आवर घालते. टाईप १ मध्ये हा आवर घालणारा हातच नसतो. रात्री दहाला टोचलेले ग्लार्जिन ठरलेल्या संथ गतीने झिरपत राहते आणि तीन वाजता काय घडले याची त्याला दखल घेता येत नाही.

ही काही नवी गोष्ट नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्येच दाखवले होते, की बांधून ठेवलेल्या, भेदरलेल्या मांजरांच्या लघवीत साखर उतरते. तरीही दवाखान्यातील संभाषणात सकाळची साखर वाढलेली दिसली, की पहिला प्रश्न रात्रीच्या जेवणाचाच असतो. श्रीमती क यांनाही आधी तोच विचारला गेला होता आणि त्या त्याने मनातून दुखावल्या होत्या.

या पहिल्या चढावर दुसरा थर बसतो तो पहाटेचा. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेत सुटलेले ग्रोथ हार्मोन काही तासांनी इन्सुलिनचा प्रभाव कमी करते, आणि झोपेच्या उत्तरार्धात कॉर्टिसॉल हे साखर वाढवणारे संप्रेरक वाढत जाऊन उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेते. पहाटेच्या या वाढीला १९८१ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले आणि ती मधुमेहाच्या दोन्ही प्रकारांत आढळते. श्रीमती क यांच्या निवांत सकाळी ती मध्यम होती: पाचला ११२, साडेसहाला डोळे उघडले तेव्हा १२४, आणि पाऊण तासाने, काही न खाता, १५१. फोनच्या रात्री मात्र अॅड्रिनॅलिनचा चढ पुरता उतरायच्या आतच हा दुसरा चढ सुरू होत होता, म्हणून साखर खाली यायला सकाळचे दहा-अकरा वाजत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अचानक आलेल्या ताणाने प्रत्येकाची साखर वाढतेच असे नाही. प्रयोगशाळेत ताण देऊन केलेल्या अभ्यासांत काहींची वाढली, काहींची जागेवर राहिली. पोटात अन्न आहे की नाही, टोचलेले इन्सुलिन त्या घडीला किती सक्रिय आहे, ताणाबरोबर शारीरिक हालचाल आहे का, यावर बरेच अवलंबून असते. श्रीमती क यांच्यात ही वाढ नियमाने दिसत होती, पण ते त्यांच्या आलेखावरून कळले. पुस्तकावरून ते गृहीत धरणे योग्य झाले नसते.

आणि सगळा दोष ताणाचाही नव्हता. तक्त्यातील अखेरचा रकाना पाहता, गाडी घेऊन बाहेर पडण्याच्या दोन रात्री त्यांनी निघण्यापूर्वी ग्लुकोजचे पाणी प्यायले होते. छातीत धडधड, घाम, हाताला कंप ही लक्षणे जाणवली आणि साखर उतरते आहे असे समजून त्यांनी न तपासताच ते घेतले. प्रत्यक्षात त्या क्षणी सेन्सरवर साखर १३० च्या पुढे आणि चढती होती. साखर उतरल्यावर धोक्याची सूचना देणारी ही लक्षणे बऱ्याच अंशी अॅड्रिनॅलिनमुळे निर्माण होतात, आणि फोनने दचकून उठल्यावरही तेच अॅड्रिनॅलिन सुटते. सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीलाही या दोन अवस्थांतील फरक केवळ जाणिवेवरून सांगता येत नाही. त्या दोन रात्री साखर २७० च्या वर गेली होती.

सेन्सरच्या पंधरवड्यात आणखी एक गंमत झाली. एका निवांत रात्री दोन वाजता सेन्सरने ५५ साखर दाखवून कर्कश गजर केला. त्या धडपडत उठल्या, परंतु ठरल्याप्रमाणे आधी बोटावर तपासले तर १०९. त्या सेन्सर लावलेल्या दंडावरच झोपल्या होत्या, आणि दाबामुळे तेथील द्रवातील साखर खोटी कमी दिसली होती. पुढच्या तासाभरात मात्र साखर खरोखरच १५० पर्यंत चढली, ती गजराने दचकल्यामुळे. साखर सांभाळणाऱ्या यंत्रानेच ती वाढवावी, हे पाहून त्या प्रथमच मोकळेपणाने हसल्या.

विचारात घेतलेले पर्याय

ग्लार्जिन २४ युनिटवरच ठेवावे का, हा पर्याय सर्वांत आधी निकाली निघाला. दीर्घ परिणाम करणारा डोस रोजच्या रात्री काम करतो, फोन मात्र काही रात्रीच येतो आणि तो येणार की नाही हे रात्री दहाला माहीत नसते. २४ युनिटवर निवांत रात्री साखर झोपण्यापासून पहाटेपर्यंत ७० हून अधिक उतरत होती. रात्रभरात ५० पेक्षा जास्त घसरण होणे हेच तो डोस गरजेपेक्षा जास्त असल्याचे लक्षण मानले जाते.

याच्या उलट एक मत आमच्या चर्चेत जोराने मांडले गेले: रात्री साखर खूप उतरल्याने शरीर उलट प्रतिक्रिया देते आणि म्हणून सकाळी ती वाढलेली दिसते, तेव्हा केवळ डोस कमी करावा, सगळेच सुरळीत होईल. जैवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोगी यांनी १९३० च्या दशकात मांडलेली ही कल्पना अजूनही सर्रास वापरली जाते. सेन्सर आल्यानंतर मात्र असे दिसले आहे, की रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच असते. श्रीमती क यांच्या बाबतीत ४८ नंतर आलेले २३० हे घाबरून खाल्लेल्या खाण्याने पुरेसे स्पष्ट होत होते. डोस कमी करायचाच होता, पण त्याने फोनच्या रात्री सुधारतील अशी अपेक्षा ठेवणे चूक झाले असते.

फोन येताच जलद इन्सुलिन घ्यावे का? खरी ओढाताण या प्रश्नावर झाली. बाजूने युक्तिवाद असा, की चढ येणार हे माहीत असताना तो येऊ का द्यायचा? विरुद्ध बाजू वेळेच्या हिशेबाची आहे. जलद इन्सुलिनचा जोर टोचल्यानंतर एक ते तीन तासांत येतो आणि परिणाम चार-पाच तास टिकतो. तीनला टोचलेले इन्सुलिन ऐन भरात येईल तेव्हा अॅड्रिनॅलिन ओसरलेले असेल, कदाचित त्या शिडीवर असतील, कदाचित गाडीत. वाढलेली साखर काही तास सहन करता येते, पण गाडी चालवताना उतरलेली साखर त्यांच्यासह इतरांच्याही जिवावर बेतू शकते. हे दोन धोके एकाच तराजूत तोलण्याजोगे नाहीत, असे आमचे मत झाले. श्रीमती क यांना ते पटायला वेळ लागला, कारण २२० हा आकडा नुसता पाहत बसणे त्यांच्या सोळा वर्षांच्या शिस्तीविरुद्ध होते.

डेग्लुडेकसारखे अधिक सपाट परिणामाचे इन्सुलिन घेण्याचा पर्याय चांगला होता, कारण त्याने रात्रीची घसरण कमी होण्याची शक्यता असते. परंतु डोस, वेळ आणि औषध एकदम बदलले, तर कशाने काय झाले ते कळणार नाही म्हणून तो मागे ठेवला. सेन्सरशी जोडलेला, आपोआप इन्सुलिन कमीजास्त करणारा पंप अशा बदलत्या रात्रींसाठी तत्त्वतः सर्वांत योग्य. पण अंगावर यंत्र बाळगून उपकेंद्रात काम करण्याची त्यांची तेव्हा तयारी नव्हती. धडधड कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांबद्दल त्यांनीच विचारले. त्या गोळ्यांनी साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड आणि कंपही झाकले जातात, त्यामुळे नकार दिला. काम बदलण्याचा विषय आम्ही एकदा काढला, त्यांनी नाही म्हटले, आणि तो तेथेच संपला.

केलेली उपाययोजना

ग्लार्जिन १८ युनिटवर परत आणले. हा डोस बरोबर आहे की नाही हे केवळ निवांत रात्रींवरून ठरवायचे, आणि त्याही अशा, की ज्यांत रात्रीचे जेवण लवकर झाले आहे आणि झोपण्यापूर्वीच्या चार तासांत जलद इन्सुलिन घेतलेले नाही. अशा रात्री झोपताना आणि जाग येताना यांतील फरक ३० च्या आत असावा असे ठरवले. १८ युनिटवर तो तसा येत होता. झोपण्यापूर्वीचे जादा खाणे बंद झाले.

निवांत सकाळच्या चढासाठी डोस वाढवला नाही. न्याहारीचे जलद इन्सुलिन त्या पहिला घास घेताना टोचत असत, ते पंधरा-वीस मिनिटे आधी टोचायला सांगितले. उठल्यानंतरचा चढ आणि इन्सुलिनची सुरुवात यांची वेळ त्यामुळे जुळली. उपाशीपोटीची नोंद मात्र कायम जाग येताच, पलंगावरच करायची.

फोनच्या रात्रीसाठी एक लहान कागद तयार केला आणि तो फोन ठेवण्याच्या जागीच चिकटवला. त्यावर पहिली ओळ होती: आधी तपासा, मग खा. साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि पुन्हा तपासणी. ९० च्या खाली असेल तर खाऊन ती वर येईपर्यंत गाडी चालवायची नाही, नियंत्रण कक्षाने कितीही घाई केली तरी. ९० च्या वर आणि स्थिर किंवा चढती असेल तर काहीही खायचे नाही, धडधड होत असली तरी. जलद इन्सुलिन पहिल्या तासात घ्यायचेच नाही. त्यानंतरही साखर २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन फार कमी पडल्यावर रक्तात साचणारी आम्ले) तपासायचे आणि हिशेबाने येणाऱ्या डोसाच्या निम्मा डोस घ्यायचा, तोही पुढचे तीन तास गाडी चालवायची नसेल तरच. त्यावर चार तासांत दुसरा डोस नाही. कीटोन वाढलेले असतील किंवा उलट्या होत असतील तर हा कागद लागू नाही, लगेच दवाखान्याशी संपर्क करायचा.

वाक्ये मुद्दाम हुकमी ठेवली. पहाटे तीनला दचकून उठलेल्या माणसाकडून बारीकसारीक तारतम्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

नियंत्रण कक्षाशी बोलून त्यांनी स्वतः एक बदल करून घेतला. तातडी नसलेल्या बिघाडांसाठी फोनऐवजी संदेश येऊ लागला, जो त्या सकाळी पाहत. साखरेवरील उपाय म्हणून आम्हाला तो सुचला नव्हता. फोनच्या रात्रींची संख्या मात्र त्याने दिसण्याइतकी कमी झाली. शेवटचे काम पतींचे होते: शुद्ध हरपल्यास ग्लुकागॉन कसे द्यायचे याचा त्यांना सराव दिला आणि ते घरात ठेवले.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी पुन्हा सेन्सर लावून पाहिले. ७० च्या खाली जाणारा वेळ ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. ७० ते १८० या पट्ट्यातील वेळ ५८ वरून ६९ टक्के झाला, म्हणजे सर्वसाधारणपणे अपेक्षित असलेल्या ७० टक्क्यांच्या उंबरठ्यावर. एचबीए१सी ७.४ वरून ७.२ झाली. केवळ याच आकड्यावर यश मोजायचे असते, तर एवढ्या खटपटीचे चीज झाले असे कोणी म्हटले नसते. पहाटेचे हायपो (साखर फार उतरण्याचे प्रसंग) आणि जादा खाण्याने चढलेली साखर ही दोन्ही टोके त्या सरासरीत एकमेकांना झाकून टाकत होती, आणि ती दोन्ही कमी झाल्यावरही सरासरी फारशी हलली नाही.

फोन आलेल्या सकाळी साखर अजूनही १७० ते १९० असते. ती आणखी खाली आणण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. फोनवर उठून, न खाता, न टोचता साखर चढते आणि न्याहारीच्या डोसाबरोबर दुपारच्या आत पूर्वपदावर येते, हे आलेखावर वारंवार पाहिल्यावर श्रीमती क यांनी मधल्या तासांत आकडा पुन्हा पुन्हा बघणे सोडले. एका रात्री मोठ्या बिघाडात साखर २७० पर्यंत गेली. कीटोन नव्हते, गाडी चालवायची होती म्हणून त्यांनी डोस घेतला नाही, आणि दुपारपर्यंत ती १४० वर आली. गाडीत साखर उतरण्याचा प्रसंग या काळात आला नाही.

एक गोष्ट सुटलेली नाही. लागोपाठ दोन-तीन रात्री फोन आले, की पुढच्या दिवसांत जेवणाआधीचे नेहमीचे डोस कमी पडतात. झोप अपुरी झाली तर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, हे माहीत आहे, परंतु किती वाढवावे याचा पक्का ठोकताळा अजून बसलेला नाही. सध्या त्या अशा दिवशी जेवणाचे डोस साधारण एक दशांशाने वाढवतात आणि सलग चांगली झोप झालेल्या पहिल्याच दिवशी ते परत कमी करतात. हा परतीचा टप्पा एकदा विसरला गेला आणि दुपारी साखर ६२ झाली.

वेगळे काय करता आले असते

ग्लार्जिनची पहिली वाढ समजण्यासारखी होती. दुसऱ्या वाढीच्या आधी मात्र दोन-तीन निवांत रात्री पहाटे तीनला बोटावर तपासणी झाली असती, तर सेन्सरशिवायही चित्र उघड झाले असते. ग्लुकोमीटर त्यांच्याकडे होताच. सेन्सरने काम सोपे केले, पण त्याच्या अभावी हे प्रकरण उलगडलेच नसते असे म्हणता येणार नाही. वहीत जाग कशी आली हे लिहिण्याची जागा असती, तर कदाचित त्यांनी स्वतःच ते ओळखले असते.

गाडी चालवण्याबाबतचा नियम सेन्सरचा पंधरवडा संपण्याची वाट न पाहता पहिल्या भेटीतच लेखी द्यायला हवा होता, असे आमच्यातील एका सहकाऱ्याचे मत आहे आणि ते रास्त आहे. ग्लुकागॉनच्या सरावालाही ४८ च्या घटनेनंतर इतका काळ जायला नको होता. सेन्सरच्या गजराची पातळी आणि दंडावर झोपण्याची सवय यांविषयी आधी बोललो असतो तर ती एक खोटी धावपळ टळली असती, जरी त्या रात्रीनेच त्यांना दचकण्याचा परिणाम सर्वांत चांगला पटवून दिला.

निम्म्या डोसाची २५० ही मर्यादा फार सावध आहे का, यावर आमच्यात अजून मतभेद आहे. गाडी चालवायची नसलेल्या रात्रींसाठी ती २२० करावी असे श्रीमती क यांना वाटते, आणि त्यांच्याकडे आता त्याला आधार म्हणून स्वतःचे आलेख आहेत. येत्या दोन फोनच्या आठवड्यांत, घरूनच काम भागलेल्या रात्री, २२० च्या वर निम्मा डोस घेऊन सहा वाजेपर्यंतची रेघ पाहायची असे ठरले आहे. त्यांपैकी एकाही रात्री साखर १०० च्या खाली गेली, तर मर्यादा आहे तेथेच राहील आणि मागे ठेवलेल्या डेग्लुडेकचा विचार आधी होईल.